खिशातला फ्यूज

ही गोष्ट घडलेली आहे. कुणाला खोटी वाटली तर वाटो. वर्षाराणीच्या तळहातावरचा भाजल्याचा डाग अजून गेलेला नाही.

तेलगाव. मार्चमधला सोमवार, संध्याकाळ.

तिचे वडील, धर्मराज वायरमन, सगळ्यांचे अण्णा, कामावरून हसतच आले. अर्जुनरावांच्या मळ्यातल्या बंगल्यावर गरम पाण्याचा टब बसवला होता. बुडबुडे येणारा. तो चालू केला की पाच मिनिटांत बंगल्याची लाईन पडायची.

"आंगुळीला एवढी वायर लागती का गं? दोन तांबे वतले की झालं," अण्णा म्हणाले. "हीटरमधून करंट पाण्यात उतरायलाय. उद्या खोलतो."

"आणि मधेच कुणी चालू केलं तर?"

त्यांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. आत मेन बोर्डातला फ्यूज होता. पांढरा, चिनी मातीचा. तीस वर्षांची सवय... काम संपेपर्यंत फ्यूज त्यांच्याजवळ. त्याशिवाय लाईन येणं शक्य नाही.

सकाळी त्यांनी धुतलेला शर्ट घातला. फ्यूज खुंटीवरच्या कालच्या शर्टात राहिला. दारात त्यांच्या लक्षात आलं.

"ऱ्हाऊ दे. तिथल्यापरीस हितंच बरा. तू हायस की घरी."

दहा वाजता अर्जुनरावांचा गडी भागवत मोटारसायकलवर आला.

"ताई, फ्यूज द्या. अण्णांनी मागितलाय. मालकाचे पाव्हणे यायलेत."

ती पुस्तक वाचत होती. अण्णांना एक फोन करावा, एवढंही सुचलं नाही. पानात बोट घालूनच उठली आणि फ्यूज दिला.

साडेदहाला अण्णा शॉक लागून गेले. हात टबाच्या आत, हीटरवर.

"म्हातारा चालू लाईनीवर काम करीत व्हता," अर्जुनरावांनी गावभर सांगितलं. भागवत गप्प राहिला.

वर्षाराणीही.

चौदाव्या दिवशी, भर दुपारी, घरात आवाज आला.

टप... टप...

नळ बंद होता.

पाणी खुंटीवरच्या शर्टातून गळत होतं. फक्त खिशातून.

तिनं हात घातला... आणि किंचाळली.

फ्यूज. निखाऱ्यासारखा तापलेला.

तासाभरात भागवत दारात. "ताई, बोर्डातला फ्यूज गायब झालाय. अण्णांचा एखादा जास्तीचा..."

फडक्यावर ठेवलेला फ्यूज बघून त्याची बोबडीच वळली. "ह्यो तर... मीच बसवला व्हता."

तरी तो घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी फ्यूज पुन्हा खिशात होता. तिसऱ्या दिवशीही. आणि शर्टाची उजवी बाही... मुठीत धरून पिळावी तशी आवळलेली.

चौथ्या दिवशी ती फ्यूज आणि अण्णांचा टेस्टर घेऊन बंगल्यावर गेली. बोर्ड उघडा होता. फ्यूजची जागा रिकामी.

तरी टबातलं पाणी खदखदत होतं.

तिनं टबाच्या कडेला टेस्टर टेकवला. लाल दिवा लागला.

कोरड्या भिंतीला टेकवला... लागला.

मग स्वतःच्या तळहाताला...

लागला.

"कावून आलीस, पोरी?" मागून अर्जुनराव म्हणाले. शेजारी भागवत मान खाली घालून उभा. "बापानं चूक केली ती केली. आता तू काय दुरुस्त करणार?"

पाणी एकदम थांबलं. एक बुडबुडा नाही.

कुणीतरी कान देऊन ऐकत होतं.

"अण्णा चुकले नाहीत," वर्षाराणी म्हणाली. "फ्यूज घरी होता. भागवत मागायला आला."

टेस्टरचा दिवा विझला नाही. हातातला फ्यूज तापत चालला.

तिनं तो सोडला नाही. टबाकडं वळली.

"अण्णा... त्यानं मागितला. दिला मी. तुम्हाला न विचारता, मी दिला."

टेस्टरचा दिवा विझला.