रेशीमची राखण

पठारावरच्या प्रयोगशाळेत दुपारी कामापेक्षा धुकंच जास्त असे. डॉ. हेमलता डोंगरे पडद्यावर घोड्यांच्या ताकदीच्या दोन रेषा पाहत होत्या. एक दगडूची, चढती. दुसरी रेशीमची, आडवी.

"मामू, रेशीमनं खुराक संपवला ना?"

"तोबरा चाटूनपुसून साफ," इलाही मुजावर म्हणाले. दहा वर्षं या जोडीचं दाणावैरण तेच बघत आणि शर्यतीच्या गाडीवर लगामही त्यांच्याच हातात असे. "पण बाई, खाऊन घोडं तयार होतं हे ठाऊक आहे. झोपून कसं होतंय?"

"स्वप्नात आपण पळतो, पण शरीर अंथरुणातच असतं. मेंदूनं स्नायूंचं दार लावून घेतलेलं असतं. हा निद्राखुराक ते दार बोटभर उघडतो. घोडा उठत नाही, पण स्वप्नात जे करतो त्याचा सराव स्नायूंना होतो. हा स्वप्नसराव. गुडघे झिजत नाहीत. फक्त घोडा आडवा व्हायला हवा. उभ्यानं डुलकी लागते, स्वप्न पडत नाही."

"मग झालंच. रेशीम आडवी होत नाही. ती उभी राहते, म्हणून तर दगडू झोपतो. कळपात एकानं राखण करायची असते. आमच्या कळपात दोघंच."

एवढं हेमलताबाईंना कुठल्या यंत्रानं सांगितलं नव्हतं. एक घोडा दमदार आणि दुसरा ढिला असला की गाडी तिरकी ओढली जाते. महिनाअखेरच्या चाचणीत रेशीम कमी पडली, तर तिच्या जागी तरणी घोडी येणार होती. इलाहींना तो विचारही करवत नव्हता.

"मग राखणीला तुम्ही उभे राहा," हेमलताबाई म्हणाल्या.

इलाही राहिले. रोज दुपारी तबेल्यातल्या खांबाला पाठ लावून. चौथ्या दिवशी रेशीमनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, गुडघे दुमडले आणि उसासा टाकून गवतात अंग सोडलं. धुकं दारातून आत आलं आणि दोघा घोड्यांवर पांघरुणासारखं पडून राहिलं. दगडूचे खूर हवेत दौडत होते. रेशीमचे मुळीच हलत नव्हते, नुसते कान फिरत होते.

"रोज वीस मिनिटं स्वप्न!" हेमलताबाई खूश झाल्या. स्वप्न किती वेळ चाललं हे त्यांनी मोजलं; कशाचं, हे मोजायचं राहिलं.

चाचणीला शर्यत समितीचे निंबाळकर स्वतः गाडीच्या मागच्या फळीवर उभे राहिले. सपाटीवर रेशीम पूर्वीइतकीच धापा टाकत होती. निंबाळकरांनी नकारार्थी मान हलवली. इलाहींनी ती मागं न बघताच ओळखली.

मग ओढ्याकडचा उतार आला. दगडू स्वप्नात शिकल्यासारखा सुसाट सुटला. इलाहींनी ब्रेक दाबला, पण ओल्या गवतावर चाकं कड्याकडे घसरतच राहिली. तेवढ्यात रेशीमनं मागचे पाय रोवले. गाडीचा, दगडूचा आणि दोन माणसांचा सगळा रेटा तिनं एकटीनं अंगावर घेतला, आणि सगळं जागच्या जागी थांबलं.

निंबाळकर खाली उतरले. कडा दोन हातांवर होता. त्यांनी तो पाहिला, मग रेशीमकडे पाहिलं. "ही जोडी मोडू नका," एवढंच म्हणाले आणि प्रयोगशाळेपर्यंत पायी आले.

संध्याकाळी हेमलताबाईंनी स्नायूंचे आकडे लावले. पळण्याचे होते तिथंच. उभं राहण्याचे दुप्पट.

"मामू, ती झोपेतसुद्धा राखणच करत होती हो. पण का? तुम्ही होतात की तिथं!"

इलाहींनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"एक सांगू का बाई? रागवू नका. ती आडवी झाली की माझाही डोळा लागायचा."

"रोज?"

"रोज."

"आणि मीही इथं टेबलावर..." हेमलताबाई हसू लागल्या. "मग जागं कोण होतं?"

इलाहींनी खिडकीबाहेर पाहिलं. दगडू गवतात पसरला होता. शेजारी रेशीमही डोळे मिटून आडवी होती, आणि तिचा एक कान हळूहळू खिडकीकडे वळला.