नदीचा वारा

धावपट्टी तीच, विमान तेच आणि वाराही तोच. एका टोकाकडून आलं तेव्हा विमानाला थांबायला जागा पुरेना, दुसऱ्या टोकाकडून आलं तेव्हा अर्धी पट्टी मोकळी राहिली. असं का झालं, ते सातपुड्यातल्या उंबरझिरा पाड्यावरची दहा वर्षांची सेगी आता कुणालाही समजावून सांगते. त्या सकाळी मात्र तिलाही ते ठाऊक नव्हतं.

त्या सकाळी तिचा भाऊ तीन दिवसांचा होता. दिवस भरायच्या आधीच आलेला, ओंजळीत मावेल एवढा. आईनं त्याला छातीशी धरून वरून गोधडी घेतली होती, तरी त्याचे पाय गार पडत होते. प्रत्येक श्वासाला बरगड्या आत ओढल्या जात होत्या. दवाखाना रस्त्यानं सात तासांवर. म्हणून सेगीनं पाड्याच्या बिनतारी यंत्रावरून 'टिटवी'ला हाक मारली. टिटवी म्हणजे वैमानिक नसलेलं, आपल्या बुद्धीनं उडणारं रुग्णविमान. आत एक नर्स आणि बाळांना ऊब देणारी काचेची पेटी.

"सेगी, मी आले," यंत्रातून टिटवीचा आवाज आला. "वर आभाळातला वारा माझा मला मोजता येतो. पण डोंगरांत जमिनीलगतचा वारा वेगळाच असतो. तुमची वातनळी (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) कुठं दिसत नाही ती?"

"वादळात फाटली."

"मग तूच सांग. वारा कुठला आहे?"

पट्टीशेजारच्या खळ्यावर वेस्ता आजा ज्वारी उफणत होता. सेगीनं त्याला ओरडून विचारलं.

"नदीचा!" आजा म्हणाला. "एवढं कळत नाही होय तुला?"

सेगीनं तसंच कळवलं.

टिटवी पट्टीच्या एका टोकाच्या महूच्या (मोहाच्या) झाडांवरून आली आणि दुसऱ्या टोकाच्या नदीकडे तोंड करून उतरली. चाकं टेकली. विमान धावलं, धावतच राहिलं. पुढं पट्टी संपत होती आणि त्याखाली नदीचा कडा होता. अगदी काठावर टिटवीनं पुन्हा झेप घेतली.

"गेली का ग ती?" पट्टीच्या कडेला बसलेल्या आईनं हळूच विचारलं. तिनं बाळाला आणखी जवळ ओढलं.

यंत्र बोललं, "सेगी, आता आणखी एकदाच उतरता येईल. त्यानंतर बॅटरी फक्त परतीपुरती उरेल. मला मागून कुणी ढकलल्यासारखं वाटलं. वारा नदीकडूनच येतोय ना?"

सेगी खळ्याकडे धावली. "आजा, नक्की नदीचाच वारा आहे?"

आजा चिडला. "चाळीस वर्षं उफणतोय मी! तो भुसा बघ कुठं पडलाय. सगळा नदीच्या अंगाला. मग नदीचाच वारा की!"

सेगीनं भुशाकडे पाहिलं आणि यंत्र तोंडाजवळ धरलं. "टिटवी! आमच्याकडे भुसा जिकडे जातो, त्या बाजूचा वारा म्हणतात!"

"आणि मी तो जिकडून येतो त्या बाजूचा म्हणते," टिटवी म्हणाली. "म्हणजे मी उलटी उतरले. वळून यायला मला तीन मिनिटं लागतील. भीती वाटतेय?"

"हो."

"मग आजाचं सूप घे. आडवं धर, पुढची कड जराशी वर. आता महूकडे पळ."

सेगी पळाली. सूप हातातून वर निघू लागलं.

"आता नदीकडे."

या खेपेला सूप नुसतं हातात पडून राहिलं.

"माझ्या पंखांचंही असंच असतं. त्यांच्यावरून हवा जोरात वाहिली की उद्धारक बल (पंखांना वर उचलणारा जोर) तयार होतं. उतरताना मला ताशी सत्तर किलोमीटरनं वाहणारी हवा लागते. समज, वारा वीसचा आहे. तो समोरून आला तर वीस त्याचे. मग माझे किती?"

"पन्नास."

"आणि पाठीमागून आला तर?"

सेगीनं बोटं मोजली. "तेवढे तुझे वाया जाणार. मग तुला जमिनीवरून नव्वदनं पळावं लागणार... म्हणून थांबता आलं नाही!"

"म्हणून. आता बाजूला हो, पोरी."

टिटवी नदीवरून आली. वाऱ्याला तोंड देत ती जणू कुणी हातावर झेलल्यासारखी उतरली आणि पट्टीच्या मध्यावरच थांबली.

"आता कशी शहाण्यासारखी आली!" आजा म्हणाला, पण त्याचे डोळे भरले होते.

नर्सनं बाळाच्या नाकाशी बारीक नळी लावली, त्याला पेटीत ठेवलं आणि आईचा हात धरून तिला वर घेतलं. टिटवी वळून नदीच्या टोकाला गेली.

"उडतानाही वाऱ्याकडेच तोंड?" सेगीनं विचारलं.

"उडतानाही. मग कमी धावून वर उठता येतं."

महूच्या झाडांच्या कितीतरी अलीकडे ती जमिनीवरून सुटली.

दुपारी आईचा निरोप आला. बाळाचा श्वास सावरला होता, आणि ते इतकं रडत होतं की तिला नीट बोलताही येईना. आजानं तो निरोप तीनदा लावायला सांगितला.

टिटवीनं सेगीवर एक काम सोपवलं. आजूबाजूच्या अकरा पाड्यांवर वाऱ्याला काय काय म्हणतात ते विचारून कळवायचं. दुसऱ्याच दिवशी आजा आणि सेगी डोंगर ओलांडून गेले. तिथं एक म्हातारी दारात बसली होती. सेगीनं विचारल्यावर तिनं तोंड वर करून वारा घेतला.

"हा? हा तर आळशी वारा."

सेगी हसली आणि वही उघडून तिच्या शेजारी बसली. "चालेल, आजी. पण हा येतो कुठून आणि जातो कुठं, दोन्ही सांग."