दोन थापा

वजनकाट्यावर चढून कुणी हात जोडतं का? कुंदननं जोडले. "काटेमाय, शंभर ग्रॅम माफ कर गं! सकाळपासून थुंकीसुद्धा गिळली नाही." रांगेत मागे उभी असलेली उज्ज्वला अशी खदखदून हसली, की पंचांनी डोळे वटारले. कुंदननं वळून पाहिलं... आणि झालं की कल्याण!

दोघंही लिंबायतचे, दोघांचेही वडील कापडाच्या लूमवर कामाला, दोघंही जुदो खेळणारे. आजवर भेटले कसे नाहीत, देव जाणे! मग पांडेसऱ्याच्या हॉलमध्ये रोजचा सराव आणि सरावानंतर टपरीवर एक कटिंग. वजन उतरवताना पोरं उपाशी असायची, चिडायची. कुंदन सरांची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. सामन्याआधी उज्ज्वलाला धडकी भरली, की हा कानाशी काहीतरी पुटपुटायचा आणि भीती पार पळून जायची. हसणाऱ्याला काय होतंय, असंच तिला वाटायचं. वेडी!

जुदोत एक नियम असतो. पकड सोसवेना झाली, की समोरच्याच्या अंगावर दोन थापा मारायच्या. त्यानं लगेच सोडायचं, का म्हणून विचारायचं नाही. कुंदननं त्याचीही गंमत केली होती. उज्ज्वला चिडवू लागली, की तिच्या मनगटावर दोन थापा... "हरलो, बाई!"

राज्य स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी ती टपरीवर म्हणाली, "उद्या सोनं आण हं. नाहीतर मी दुसरा शोधते!"

"उज्जू... मला झोप येत नाही गं. मॅटवर पाय ठेवला की हात बधिर होतात. श्वासच पुरत नाही."

"झाली याची नौटंकी सुरू!"

त्यानं तिच्या मनगटावर दोन थापा मारल्या. अगदी हळू. ती आणखीच हसली. "अंहं, आज नाही सोडणार!" मग तोही हसला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

दुसऱ्या दिवशी नाव पुकारून पुकारून पंच थकले. कुंदन आलाच नाही. फोनही बंद. त्याच्या घरी गेली, तर त्याची आई, इंदुबाई, दारातच म्हणाली, "डॉक्टरच्या गोळ्या चालू आहेत, माय. कोणालाच भेटायचं नाही म्हणतो."

थंडीत कळलं, तो चलथाणला साखर कारखान्यात लागलाय. उज्ज्वला तडक निघाली. उसाच्या ट्रकांची रांग, मळीचा गोडसर वास, आणि काट्याच्या खोलीत कुंदन.

"कशी शे, उज्जू?" तो म्हणाला. "बघ, इथं टनांनी वजन घेतो. कमी कर म्हणून कोणाच्या मागे लागावं लागत नाही."

सवयीनं तिला हसू फुटलं... अर्ध्यावरच थांबलं. "हे खरं सांगतोस, का हसवतोस?"

"दोन्ही."

"झोप येते?"

"आता येते."

तिनं त्याचा हात घट्ट धरला. "चुकले रे मी! तू सांगत होतास आणि मी हसत बसले. तू मला आवडतोस... हे त्या दिवशी सांगायला हवं होतं. परत चल ना. मी आहे."

कुंदनचे डोळे भरून आले. "मलाही तू... फार. पण तू समोर आलीस, की मला हसवावंच लागतं, उज्जू. आणि ते आता झेपत नाही."

"नको हसवूस! गप्प बस नुसता, पण—" तिची पकड आणखी आवळली.

त्यानं तिच्या मनगटावर दोन थापा मारल्या. अगदी हळू.

उज्ज्वलानं लगेच हात सोडला.