टाकावरचा राजा

रिसोडच्या बाजारात माझं चांदीच्या डागडुजीचं दुकान आहे. जोडवी, पैंजण, करदोडे, सगळं माझ्याकडे येतं. पण शफीकभाईला लोक ओळखतात ते जुन्या नाण्यांसाठी. रोमन नाण्यांचा माझ्यासारखा पारखी अख्ख्या वाशिम जिल्ह्यात नाही. हे मीच सांगतो, कारण ते खरं आहे. बाकीचे अक्षरं लावत बसतात, मी आधी नाकाची कड बघतो.

रिठदची गिरजाबाई बाजारात वांगी, मेथी विकते. एका बाजारच्या दिवशी ती दुकानात आली आणि पदराची गाठ सोडून तिनं देवघरातला टाक माझ्यासमोर ठेवला. टाक म्हणजे गेलेल्या वाडवडलांचा चांदीवरचा चेहरा. तिच्या घरात म्हणे कोणी गेलं तर नवा टाक करत नाहीत, याच टाकावर त्याचा चेहरा येतो. तिचा नवरा चंपत बोअरच्या गाडीवर तेलंगणात गेलेला, पोळ्यापासून फोन बंद. आता सासूला टाकावर चंपत दिसायला लागला होता, आणि ती सुनेला मंगळसूत्र उतरवायला सांगत होती.

"हा कोन हाये तेवढं सांगा," गिरजाबाई म्हणाली. "तुमी म्हनसान ते मी मानीन."

हळदीकुंकवाच्या थराखाली भिंगातून मला पानांचा मुकुट दिसला. मग ते नाक. आयुष्यभर ज्याचे फोटो बघितले, ते नाणं टाक म्हणून माझ्या तळहातावर होतं.

"चंपत नाही हा," मी म्हणालो. "टायबेरियस हाये, रोमचा राजा. मरून दोन हजार वर्सं झाले त्याले. तू मंगळसूत्र काढू नको."

ती रडली. सासूच्या नजरेस पडू नये म्हणून टाक माझ्याकडेच ठेवून गेली. मी लाखेवर त्याचा ठसा घेतला आणि वाशिमच्या नाणेवाल्या मित्रांना फोन करून भरपूर मिरवून घेतलं.

काही दिवसांनी माझी बायको सरवरी सहज म्हणाली, राजाच्या कानातली बाळी छान आहे. मी तिला हसलो. रोमचे राजे बाळी घालत नसत.

मग भिंग लावलं. नाण्यावर चेहऱ्याची एकच बाजू असते, इथं एकच कान, उजवा. बाळी होती.

नाण्याची झीज धातू घेऊन जाते, आणून देत नाही. काट्यावर वजन पहिल्या दिवशीइतकंच भरलं. लाखेच्या ठशात कान मोकळा होता, डोक्यावर पानं होती. नाण्यावरची पानं मात्र विरळ होऊन खाली बारीक कापलेले केस दिसत होते.

नाक बदललं तेव्हा मी भिंग ठेवून दिलं.

गिरजाबाई दर बाजाराला विचारायची. मी दरवेळी छातीठोकपणे सांगायचो, राजाच आहे. माझी पारख चुकली असं मी मरेपर्यंत कबूल केलं नसतं, आणि तिच्या गळ्याकडे बघून तर मुळीच नाही.

संक्रांतीनंतर ती हिरव्या बांगड्या भरून आली. चंपत परतला होता. तिनं त्याला सोबतच आणलं होतं. अभिमानानं माझी मान ताठ झाली. शेजारच्या दुकानदारांनाही मी हाक मारून सांगितलं, बघा, शफीकची पारख.

टाक परत द्यायला डबी उघडली. कडेची अक्षरं जागेवर होती. मधली चांदी सपाट होती.

चंपत बाकावर बसून रस्त्याकडे बघत होता. उजव्या कानात बाळी होती.

गिरजाबाई हळूच म्हणाली, "आल्यापासून माह्याकडं वळून नाही पाह्यलं त्याईनं. हे तेच हायेत ना?"

मी चहा घेऊन त्याच्या पुढ्यात गेलो. मग पाठीमागून फिरून डाव्या बाजूला गेलो.

"तोच हाये," मी म्हणालो.

तिथूनही मला त्याचा उजवा कानच दिसत होता.