कुलूपवाल्याचा नकार

"चोर सापडला, तिजोरीतले दागिनेही परत मिळाले, तरी माझा नवरा कोठडीत का?" कुलूपवाल्याच्या बायकोने पर्स मांडीवर आवळून धरली होती.

उत्तर वकिलाने दिलं. चोरीचा संशय आधी कुलूपवाल्यावर होता, आणि त्याने फोन उघडून द्यावा, असा कोर्टाचा हुकूम होता. तो मोडला, हा गुन्हा वेगळा. त्याला वर्षाची कैद, आणि निकाल उद्या.

"अहो, पण आता उघडून दाखवायला यांचं काय जातंय?"

"फोनमध्ये दुसरी कुणीतरी असणार," वकील शेजारी बसलेल्या बाईंच्या कानाशी पुटपुटला. खासगी तपास करणाऱ्या या बाईंकडे कामं तोच आणायचा, आणि चुकीच्या अंदाजाचा पहिला मानही त्याचाच असायचा.

बाईंनी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. "घरात कसे वागतात हल्ली?"

बायको लाजली. "खोटं कशाला बोलू? फार लाडात आलेत. नावाने हाक मारतच नाहीत, राणीसाहेब म्हणतात. दुकानातून घरी यायला मलाच बोलावून घेतात. हात धरून चालतात, या वयात!"

वकिलाने भुवया उडवल्या. मनात चोर असला की माणूस असाच गोड होतो, हे त्याचं ठाम मत होतं.

चौकीतला हवालदार अजून चक्रावलेला होता. "आधी स्वतःहून अंगठा लावला की हो त्याने! पण फोन आम्ही बंद करून ठेवला होता. चालू केल्यावर अंगठा चालेना, म्हणून फोन उघडायचा आकडा मागितला. बोट पुढे नेलं, मागे घेतलं आणि एकदम उखडलाच. सांगणार नाही, म्हणे, काय करायचं ते करा!"

कुलूपवाला गजांआड ताठ बसला होता. बायको, बाई आणि वकील समोर येताच तो म्हणाला, "या राणीसाहेब! या राजे!"

"हे राजे तुमचा खटला चालवतात," बाई म्हणाल्या. "नाव काय यांचं?"

"वकिलाला नाव कशाला लागतं? फी लागते!" तो हसला. हसणारा तो एकटाच होता.

बाईंचा आवाज खाली आला. "फोनमध्ये काही लपवायचं असतं, तर तुम्ही अंगठा लावलाच नसता. तुम्ही अडलात ते आकड्यापाशी. तो तुम्हाला आठवत नाही. नावं आठवत नाहीत, म्हणून राजे आणि राणीसाहेब. घरचा रस्ता आठवत नाही, म्हणून सोबत. माफ करा, मला हे बोलावं लागतंय."

"म्हणजे राणीसाहेब त्यासाठी?" बायकोने विचारलं.

"जगाची कुलपं उघडणाऱ्याने स्वतःचा आकडा विसरलो म्हणायचं?" कुलूपवाला पुटपुटला. "त्यापेक्षा अडेलतट्टू म्हणवून घेतलेलं बरं."

वकिलाला आपल्या भुवयांची लाज वाटली. "डॉक्टरांचा दाखला आणू," तो घाईने म्हणाला. "विसरणं म्हणजे नकार नव्हे. उद्याच सुटाल!"

कुलूपवाल्याने बायकोकडे पाहिलं. ती मान खाली घालून रडत होती.

"वर्ष आत काढलं असतं हो मी," तो बाईंना म्हणाला. "हिला ते लाडच वाटत राहिले असते."