पोचल्याची नोंद

ही गोष्ट खरी आहे. मला भुतं रचून सांगायची हौस नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा सख्खा मामा आहे. लोकांना सांग, असं मामीच म्हणाली. तेव्हा मामा समोरच बसला होता, मान खाली घालून.

मागच्या वर्षीची गोष्ट. हिवाळा तोंडावर आलेला. उत्तरेकडे जाणारा लांबच लांब हायवे.

रात्र नव्हती. लख्ख ऊन होतं.

मामानं त्या रस्त्यावर चौदा वर्षं ट्रक चालवला. मग एक दिवस अचानक सोडला, आणि पुढची नऊ वर्षं तिकडे फिरकला नाही. मामी मात्र हट्टालाच पेटली होती. "अहो, शेजारणीनं तिथले फोटो दाखवून जीव नकोसा केलाय. तुमचं अर्धं आयुष्य त्या रस्त्यावर गेलं, आणि मी पाहिलेला नाही?"

नाही म्हणायला मामाला कारण सुचेना. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं.

त्या रस्त्यावर मोबाइलला रेंज नाही. मैलोन्‌मैल माणूस नाही. आहेत त्या तीन चौक्या. प्रत्येक चौकीच्या खिडकीबाहेर एक वही असते. गाडीचा नंबर लिहायचा, पोचल्याची वेळ लिहायची, पुढे निघायचं. चौकीवाले एकमेकांना वायरलेसवर कळवतात. दोन तासांत पुढच्या चौकीवर नोंद झाली नाही, तर शोधायला माणसं निघतात. थंडीच अशी, की त्याहून जास्त थांबून चालत नाही.

पहिल्या चौकीवर मामानं स्वतः लिहिलं. पुढे अर्धा गोठलेला धबधबा लागला. मामी फोटो काढत सुटली.

"जरा हसा की. एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलंय."

मामा हसला. कसाबसा.

मधल्या चौकीवर त्यानं वही उघडली...

शेवटची ओळ त्याच्याच गाडीची होती.

नंबर बरोबर. वेळ मात्र सात मिनिटं आधीची.

"तुमचं झालंय लिहून," खिडकीतला म्हातारा म्हणाला. "आत्ताच एकजण लिहून गेला."

"कोण?"

"मी काय प्रत्येकाचं तोंड बघत बसतो? जा पुढे."

मामानं अक्षर पाहिलं. साताच्या आकड्याला मधोमध आडवी रेघ. पेन इतकं दाबलेलं, की कागद फाटायला आलेला.

असं एकच माणूस लिहायचा. त्याला सगळे लंबू म्हणायचे. मामाचा जिवाभावाचा दोस्त. दोघांचे ट्रक कायम पुढेमागे असायचे.

लंबूला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मामानं मामीला काही सांगितलं नाही. वही मिटली आणि गाडीत येऊन बसला.

शेवटच्या टप्प्यात एक मोठं तळं लागतं. रस्ता वर, तळं खाली, मध्ये तीव्र उतार. "इथे थांबवा ना," मामी म्हणाली. मामा थांबणार नव्हता. त्यानं उलट वेग वाढवला.

वळणावर गाडी बंद पडली.

चावी फिरवली. काही नाही. दिवा नाही, आवाज नाही...

मग वारा थांबला. आपलाच श्वास ऐकू यावा इतकी शांतता.

आणि मागून हॉर्न वाजला. दोन छोटे, एक लांब.

"चला, कोणीतरी आलं," मामी म्हणाली.

कोणीच आलं नाही. रस्ता मागे पार लांबपर्यंत दिसत होता. मोकळा.

पुन्हा हॉर्न. दोन छोटे, एक लांब. या वेळी... खालून. तळ्याकडून.

लंबू नेमका असाच हॉर्न वाजवायचा. मामा सीटवर अंग चोरून बसला. मामीला वाटलं, थंडीनं. तिनं स्वतःची शाल त्याच्या अंगावर टाकली. "घाबरू नका हो. आपण पोचलो नाही तर दोन तासांत येतील ना शोधायला? तुम्हीच तर सांगितलंत."

"कोणी येणार नाही."

"म्हणजे?"

"तिकडे आपली नोंद झाली असेल. पोचलो म्हणून."

मग तो बोलला. नऊ वर्षं गिळून ठेवलेलं सगळं बोलला.

शेवटच्या चौकीवर मोठे ट्रक लावायची फार पंचाईत. म्हणून ड्रायव्हरांनी आपापसात एक सोय करून घेतली होती. पुढचा असेल त्यानं मागच्याचीही नोंद करून टाकायची. नियमात बसत नव्हतं, पण सगळेच करायचे. त्या दिवशी लंबू मागे होता. मामानं सवयीनं त्याचा नंबर लिहिला, वेळ लिहिली आणि पुढे गेला.

लंबू पोचलाच नव्हता. या वळणावर त्याचा ट्रक खाली गेला होता.

वहीत पोचल्याची नोंद. मग शोधणार कोण? तिसऱ्या दिवशी सापडला. ट्रकमध्ये नाही. मोडका पाय ओढत उतार चढून तो रस्त्याच्या कडेला आला होता, आणि दगडाला टेकून बसला होता.

वाट बघत.

"मी कोणाला सांगितलं नाही," मामा म्हणाला. "लायसन्स जाईल म्हणून. नंतर लाज वाटली म्हणून. आणि मग सांगायची वेळच निघून गेली."

 मामीनं शाल परत घेतली नाही, पण तोंड खिडकीकडे वळवलं. तेवढ्यानं मामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दोन तास होऊन गेले. कोणी आलं नाही. ऊन उतरलं, पायांची बोटं बधिर झाली. शेवटी बर्फ काढणाऱ्या मशीनचा ड्रायव्हर घरी जाताना तिथून गेला. निव्वळ नशीब. त्यानं दोर बांधून गाडी ओढत नेली.

शेवटच्या चौकीवर मामीनंच वही पाहिली. नोंद होती. साताला आडवी रेघ.

खिडकीतल्या बाई गोंधळून गेल्या. "उंच माणूस होता. म्हणाला, मागून येतायत, त्यांचं मीच लिहून टाकतो. बोटं काळीनिळी पडली होती हो त्याची. म्हटलं, आत या, शेकून घ्या. तर म्हणाला... आता काय उपयोग."

दुसऱ्या दिवशी मामी मामाला लंबूच्या घरी घेऊन गेली. मामा दारातून पुढे जाईना. तिनं दंडाला धरून आत नेलं.

लंबूच्या बायकोनं, म्हणजे वहिनींनी, सगळं ऐकून घेतलं. मामाला वाटलं, थोबाडीत मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"भावजी, मी त्या दिवशी शेवटच्या चौकीवर फोन केला होता," त्या म्हणाल्या. "म्हणाले, पोचलाय. पोचला, तर घरी फोन का नाही? मग तिसऱ्या दिवशी चौकीच्या अलीकडे, तळ्याजवळ सापडला. पोचलेला माणूस मागे कशाला फिरला? लोक म्हणाले, तिकडे कोणी बाई असेल. मी खरं मानलं."

मामानं हे कधी ऐकलं नव्हतं. ऐकायला तो तिथे गेलाच नव्हता.

"पोरीलाही तेच सांगत आले. तुझ्या बापाचं लक्षण ठीक नव्हतं, म्हणून."

त्यांनी कागद आणि पेन आणून मामापुढे ठेवलं.

"लिहून द्या. पोरीला दाखवायचंय."

मामानं लिहिलं. एका पानाला अर्धा तास लागला.

लंबूला त्या दिवशी मामाचा जीव हवा होता, की हा कागद? मला माहीत नाही. मामालाही माहीत नाही. पण मामी सांगते, लिहून झाल्यावर वहिनींनी कागद उचलला, दोनदा वाचला, आणि पहिल्यांदाच रडल्या. मग मामाकडे न बघता म्हणाल्या, "आता जा. पुन्हा येऊ नका."