गोटीचं वजन

त्या दिवशी मी गोटीला वजनाला दवाखान्यात घेऊन निघाले होते, तर दारातच एक गृहस्थ उभे. हातात लाकडी पेटी. आमचे हे वाफेची छोटी इंजिनं दुरुस्त करतात, हौशी लोकांची. हातभर लांबीची, पण खऱ्यासारखी पाणी उकळून चालणारी. त्यामुळे पेटी घेऊन येणाऱ्यांचं मला नवल नव्हतं. या माणसाने मात्र पेटी ह्यांच्या हातात देताना ती पटकन सोडली नाही. "वळणावर उतरतं," एवढंच म्हणाला आणि जिना उतरून गेला.

गोटी म्हणजे आमची लेक. जन्मली तेव्हा इतकी गोल की सासूबाईंनीच हे नाव पाडलं. पण त्या महिन्यात तिचं वजन वाढलंच नव्हतं. नर्सबाईंनी कपाळाला आठी घातली आणि पुढच्या आठवड्यात परत आणा म्हणाल्या. सासूबाई म्हणाल्या, आईच काडीसारखी, लेक काय पहिलवान होणार आहे?

आमची पुढची खोली म्हणजेच कारखाना. मोठ्या टेबलावर रुळांचं गोल कडं, शेजारी वजनाचा काटा आणि खिडकीशी पाळणा, कारण तिथेच तेवढा वारा येतो. इंजिन रूळ का सोडतं हे शोधायची ह्यांची एक ठरलेली रीत आहे. आधी रूळ सपाट आहेत का बघायचं, मग चाकांमधलं अंतर, मग स्प्रिंगा, आणि शेवटी वजन. पुढच्या छोट्या चाकांवर भार कमी पडला की वळणावर ती उचलली जातात आणि इंजिन खाली येतं. ह्यांनी सगळं तपासलं. केसाएवढी चूक सापडेना. मग पुढे शिशाचा तुकडा बसवून पाहिला. तरी पाळण्याच्या बाजूच्या वळणावर आलं की इंजिन जरा थबकायचं, नाक वर करायचं आणि उतरायचं. हे हसून म्हणाले, कुणाला तरी वाकून बघतंय जणू. मला हसू आलं नाही.

मग एका संध्याकाळी ते नीट चालायला लागलं. मी भांडी घासत होते. बाहेर त्याची धाप ऐकू येत होती, आणि गरम तेलाचा, स्पिरिटचा वास घरभर पसरला होता. आता खडखडाट होईल, आता होईल म्हणून मी कान देऊन राहिले. तो झालाच नाही. ह्यांनी आनंदाने हाक मारली. मी बाहेर आले, गोटीला पाळण्यातून उचललं आणि माझे हात एकदम वर उडाले. भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसे.

शिसं किती घातलंत, मी विचारलं. हे म्हणाले, कालच काढून टाकलं, उपयोगच नव्हता. आपोआप बसलं बघ.

दवाखान्यात काट्याने सांगितलं ते मला हातांनी आधीच कळलं होतं. गोटी घटली होती. नर्सबाईंनी मला चांगलंच झाडलं. लाज वाटायलाही मला फुरसत नव्हती. घरी आले आणि ह्यांना म्हटलं, ते इंजिन काट्यावर ठेवा. ह्यांनी ठेवलं, आणि चष्मा पुसून परत पाहिलं. आलं त्या दिवशीपेक्षा ते जड झालं होतं. पाणी राहिलं असेल, म्हणत ह्यांनी ते उलटं केलं. एक थेंब पडला नाही. गोटीचं जेवढं कमी झालं होतं, तेवढंच त्याचं वाढलं होतं.

"अहो... परत देऊन टाका हे. आजच."

"अगं, काटा जुना आहे."

"आणि गोटी?"

ह्यांनी इंजिन काट्यावरून उचलून रुळांवर ठेवलं. मग म्हणाले, मालक उद्या येणार आहेत, एकदा शेवटचं चालवून बघतो आणि पेटीत घालतो. मी पाळण्याशी जाऊन उभी राहिले. इंजिनाखालचा स्पिरिटचा दिवा पेटला, पाणी गुरगुरलं, इंजिन निघालं. एक फेरी... आणखी एक... गोटी जागी होती, पण रडत नव्हती. नुसती छताकडे बघत होती. आणि पाळण्याच्या दोऱ्या, ताठ असतात ना नेहमी, त्या हळूहळू ढिल्या पडत होत्या.

मी काट्याजवळचा शिशाचा तुकडा उचलला आणि रुळावर आडवा टाकला.

इंजिन त्याला धडकलं, टेबलाच्या कडेवरून गेलं आणि फरशीवर आदळलं. उकळतं पाणी, वाफ, काचा. त्याच क्षणी पाठीमागे पाळण्याच्या दोऱ्या करकरून ताणल्या, आणि गोटीने असा टाहो फोडला की सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. हे इंजिनाकडे न बघता आधी पाळण्याकडे धावले. दोऱ्या त्यांनीही पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ आले. नुकसान मी भरून देतो, हे म्हणाले, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी पेटी उचलली आणि तसेच थांबले. पुन्हा खाली ठेवली. पुन्हा उचलली.

"हलकं झालं हो... आमचं पोर जेवढं होतं, तेवढंच..." ते म्हणाले.

मग त्यांची नजर माझ्या कडेवर गेली. गोटी परक्याला बघितलं की माझ्या मानेत तोंड खुपसते. त्या दिवशी तिने हात पुढे केला, त्यांचं बोट धरलं आणि सोडेना. मीच एकेक करून तिची बोटं सोडवली. ते पेटी न घेताच गेले. नंतर फोनही उचलत नाहीत.

नर्सबाई आता खूश आहेत. गोटीने घटलेलं सगळं भरून काढलं आणि काटा पुढे गेलाय, खूप पुढे. इतकं वजन एवढ्याशा दिवसांत कुणाचं वाढत नाही, काय खाऊ घालता सांगा तरी, असं त्या सगळ्या बायांसमोर म्हणाल्या. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. मीही मान हलवते.

दुपारी मी गोटीला मोठ्या गादीवर निजवते. ती भिंतीकडे तोंड करून झोपते, आणि तिच्या अंगाखाली गादीला खळगा पडतो. तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, गादीला आणखी एक खळगा पडतो. तो थोडा मोठा आहे.